खंडेनवमीनंतरची पत्रं

दसरा झाला की या सदराकडे येणारी पत्रं एकदम वाढतात. वर्षभर माळ्यावर पडलेली हत्यारं खंडेनवमीला खाली उतरतात, पूजेला बसतात, आणि परत गुंडाळून ठेवताना घरातल्या कुणाला तरी काहीतरी खटकतं. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो की मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत तीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला आणि लग्नसराईतून वेळ मिळेल तसा जुन्या सुऱ्या, कट्यारी, अडकित्ते गोळा करत गेलो. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. जे हातात धरून आणि भिंगातून बघून कळलं, तेवढंच लिहितो.

प्रश्न : आमच्याकडे पणजोबांची कट्यार आहे. दर खंडेनवमीला तिला हळद-कुंकू लावतो आणि टोकावर लिंबू खोचतो. यंदा बघितलं तर पात्यावर पांढुरके आणि तांबडे डाग पडलेत. पात्यावर लांबट तीन पन्हळी आहेत, त्यातही गंज दिसतो. भांडी घासायच्या पावडरीनं साफ केली तर चालेल का? की धारवाल्याकडून चाकावर चकचकीत करून घेऊ?
– एक वाचक, कागल

उत्तर : दोन्ही नको. हात जोडून सांगतो, नको.

पांढुरका डाग लिंबाचा आहे. लिंबातलं आम्ल लोखंड खातं, त्याला फार वेळही लागत नाही. तांबडे डाग ओल्या हळद-कुंकवाखाली धरलेल्या गंजाचे. नवरात्रात आपल्याकडे परतीचा पाऊस असतो, हवा दमट असते. त्यात आपण पूजा सकाळी करतो आणि हत्यार उचलतो दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघन आटोपल्यावर. तेवढ्या वेळात व्हायचं ते होऊन जातं. पूजा बंद करा असं मी म्हणणार नाही, आमच्याही घरी होते. फक्त हळद-कुंकू मुठीजवळ विड्याच्या पानावर वाहा, लिंबू पुढ्यात कापा, फूल मुठीवर ठेवा. देवीनं आजवर तक्रार केलेली नाही.

आता घासण्याबद्दल. माझ्या आजोबांचा एक बिचवा, म्हणजे दुहेरी वळणाचा खंजीर, होता. मी विशीत होतो, उत्साह दांडगा. विटकरीची पूड आणि चिंच घेऊन बसलो आणि दुपारभर घासला. संध्याकाळी बिचवा आरशासारखा झाला, आणि मुठीजवळची सोनेरी वेल गेली ती गेलीच. ती कोफ्तगरी होती. कोफ्तगरीत लोखंडावर अगदी बारीक उभ्या-आडव्या रेघा ओरखडतात आणि त्यावर सोन्याची किंवा चांदीची तार ठोकून बसवतात. ती तार फार खोल नसतेच, वरवर धरलेली असते. घासलं की सुटते. चिंचेच्या त्या लगद्याबरोबर मी सोनं मोरीत सोडलं. आजी काही बोलली नाही, म्हणून जास्त लागलं.

तुमच्या तीन पन्हळींनी माझे कान टवकारले. लोक म्हणतात पन्हळ रक्त वाहून जायला असते. तसं काही नाही. पन्हळीमुळे पातं हलकं होतं आणि तरी ताठ राहतं, तिचं काम एवढंच. पण कट्यारीच्या पात्याला बारीक, समांतर, लांबट पन्हळी असतील तर ते पातं मुळात युरोपातून आलेल्या तलवारीचं असू शकतं. अशा तलवारीला आपल्याकडे फिरंग म्हणत. मराठे आणि दख्खनी सरदार त्या पात्यांवर खूश होते. मोडलेलं किंवा आखूड केलेलं पातं वाया न घालवता कट्यारीला रिबिटांनी बसवत. अशा पात्यांवर कधी पळता लांडगा, कधी ‘आंद्रेआ फेरारा’ या इटालियन कारागिराच्या नावाची अक्षरं कोरलेली सापडतात. जर्मनीतल्या झोलिंगेनच्या कारागिरांनी हे दोन्ही सर्रास वापरलं. तुमच्या पात्यावर असेल तर ते पन्हळीच्या तळाशी, गंजाखाली दबलेलं असेल. चाकावर धरलं की ते तर जाईलच, शिवाय धार तापून निळी पडेल आणि लोहारानं दिलेलं पाणी, म्हणजे पात्याचा कठीणपणा, उतरेल.

शिकलगार हे आडनाव आपल्या भागात घरोघर माहीत आहे. हत्यारांना झिलई देणारे ते शिकलगार. त्यांचं काम चाकाचं नव्हतं, हाताचं आणि सबुरीचं होतं. आज ते काम येणारा माणूस भेटला तर मला कळवा, मीच त्याच्याकडे जाईन.

तुम्ही एवढंच करा : आधी फोटो काढून ठेवा. मग शिलाई मशीनचं तेल तांबड्या डागांवर लावून एक रात्र सोडा. सकाळी जुन्या सुती धोतराच्या तुकड्यानं पुसा. पन्हळीत बांबूची काडी चालवा, सुई किंवा स्क्रू-ड्रायव्हर नाही. जे निघेल ते निघू दे. मागे जो काळसर तपकिरी थर राहील तो गंज नव्हे, ते त्या पोलादाचं वय आहे, त्याला हात लावू नका. शेवटी तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. खोबरेल नको, ते चिकट होऊन धूळ धरतं. आणि कट्यार चामड्याच्या म्यानात घालून ठेवू नका. चामडं ओल धरतं, आणि कमावताना वापरलेली आम्लं त्यात शिल्लक असतात. म्यान वेगळं, पातं वेगळं, दोन्ही सुती कापडात. मुठीला उघड्या बोटांनी धरत असाल तर ठेवण्याआधी ती पुसा, घामातलं मीठ लोखंडावर बोटांचे ठसे उठवतं.

प्रश्न : काकांकडे सुऱ्या आणि खंजीर आहेत. कॉलेजच्या प्रकल्पासाठी मी मोबाइलवर फोटो काढले, पण पातं एकतर पांढरंफटक येतं नाहीतर त्यात माझाच चेहरा दिसतो. दुकानदार पोलरायझर घे म्हणतो. घेऊ का?
– एक विद्यार्थिनी, गडहिंग्लज

उत्तर : पैसे वाचव, बाळ. पोलरायझर पाण्यावरची, काचेवरची चमक कमी करतो. उघड्या धातूवर तो नुसता लावून जवळजवळ काही होत नाही.

मी हे शिकलो ते हत्यारांवर नाही, गुजरीतल्या सराफांच्या ताटांवर. चांदीचं ताट फ्लॅश मारून काढलं की त्यात फ्लॅश दिसतो. खिडकी दाखवली तर खिडकी दिसते. शेवटी एका म्हाताऱ्या सराफांनीच मला सांगितलं, ‘ताटाचा फोटो काढू नको, ताट काय बघतंय त्याचा काढ.’ पातंही तसंच. ते आरसा आहे. त्याच्यासमोर तू जे ठेवशील ते त्यात उतरणार. म्हणून समोर सुंदर, एकसारखं काहीतरी ठेवायचं.

उत्तरेकडची खिडकी निवड, ऊन थेट यायला नको. खिडकीवर बटर पेपर ताणून चिकटव, म्हणजे पात्याला खिडकीची चौकट न दिसता एक मोठा दुधी प्रकाश दिसेल. खाली काळी घोंगडी अंथर. तिची लोकर प्रकाश पिते, मागे चमक येत नाही. पातं खिडकीकडे थोडं थोडं कलतं कर, एका कोनात ते अचानक भरून येतं. तो कोन कळेपर्यंत धीर धर. पातं फार पांढरं वाटलं तर खिडकीच्या विरुद्ध बाजूला काळा पुठ्ठा उभा कर. पात्याच्या पाठीवर काळी रेघ उमटते आणि त्याचा आकार उठून दिसतो. स्टुडिओत लोकांना वाटायचं मी काहीतरी महाग दिवा वापरतो. पुठ्ठा होता, खोक्याचा, काळा रंग मारलेला.

मोबाइल जवळ नेऊ नको. जवळून मूठ फुगलेली येते आणि टोक लांब पळतं. चार-पाच फूट मागे हो, दुप्पट झूम घे, मोबाइल कशाला तरी टेकव, आणि दोन सेकंदांचा टायमर लाव. प्रकाश थोडा कमी कर, जळलेलं पांढरं नंतर परत येत नाही. शेजारी मोजपट्टी ठेवून एक फोटो घे, मोजपट्टीशिवाय एक. दोन्ही बाजू, पाठ, टोक आणि मूठ आतून. प्रकल्पाच्या वहीत लिही : एकूण लांबी, पात्याची लांबी, रुंदी, पाठीची जाडी, वजन. काकांना ती वस्तू कुठून मिळाली तेही लिही. दहा वर्षांनी काका विसरतील, तू नाही.

कोरलेली अक्षरं हवी असतील तर मोठा प्रकाश बंद. अंधारात एकच टॉर्च पात्याला जवळपास समांतर धर. सावलीनं अक्षरं उभी राहतात. अक्षरांत खडू भरू नको, तो निघता निघत नाही.

आणि टाऊन हॉलच्या संग्रहालयात जाऊन ये. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननातल्या वस्तूही तिथंच आहेत. आधी परवानगी विचार. मिळाली तर काळा सदरा घाल, फ्लॅश बंद ठेव आणि लेन्स काचेला टेकवूनच फोटो घे. पांढऱ्या ड्रेसमध्ये गेलीस तर कपाटातल्या प्रत्येक हत्यारात तूच.

प्रश्न : बाजारातून ‘शिवकालीन’ म्हणून बिचवा घेतला. पात्यावर लाटांसारखी नक्षी आहे, विकणारा म्हणाला अस्सल जौहर आहे. सोबत फोटो पाठवलेत. खरा आहे का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : फोटोंवरून मला तो नवा वाटतो, वाईट वाटून घेऊ नका. मीही एकदा असाच फसलोय आणि तो ‘पेशकब्ज’ (इराणी धाटणीचा खंजीर) अजून माझ्या कपाटात आहे, नम्र राहायला मदत होते.

जौहर म्हणजे मुशीत वितळवून केलेल्या, भरपूर कार्बनच्या पोलादातली नक्षी. थंड होताना आणि ठोकताना कार्बनचे कठीण कण ओळीनं बसतात, त्याची ती रेघ. आजच्या तेलंगणातल्या कोनसमुद्रमसारख्या गावांत असं पोलाद होत असे. ही नक्षी पोलादाच्या अंगातली असते. तुमच्या पात्यावरची लाट धारेच्या बारीक उतारावर अचानक थांबते. वरून आम्लानं चितारलेली नक्षी अशीच थांबते. दुसरं म्हणजे गंज सगळीकडे सारखा आहे. जुन्या हत्याराला हात लागतो तिथं ते गुळगुळीत होतं आणि सांदीत काळं पडतं. तुमच्या मुठीच्या कडीत बोट घासायचं ती जागा सगळ्यात खडबडीत आहे. तिसऱ्या फोटोत मुठीच्या आतल्या बाजूला ग्राइंडरचे वळसे दिसतात.

वस्तू टाकून देऊ नका. आकार बरोबर आहे, विंचवाच्या नांगीसारखी दुहेरी वळणं छान जमलीत. फोटोच्या सरावाला उत्तम.

प्रश्न : घराचा पाया खणताना गंजलेलं पातं निघालं, साधारण फूटभर. ठेवून घेऊ का? भाऊ म्हणतो दसऱ्याच्या मिरवणुकीत मिरवू.
– एक वाचक, राधानगरी तालुका

उत्तर : भावाला आधी खाली बसवा. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, हा १८७८ चा कायदा आजही लागू आहे. तलाठ्याकडून सुरुवात करा. जिथं सापडलं त्या जागेचे, मातीसकट फोटो काढा. पातं धुऊ नका, माती ठोकून काढू नका. जमिनीतल्या लोखंडात क्षार मुरलेले असतात, हवा लागली की ते पापुद्र्यांनी सुटायला लागतं. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा.

मिरवणुकीचं म्हणाल तर शस्त्र नियमांच्या वर्गवारीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात, घरकामाची आणि शेतीची अवजारं वगळून. घरात जुनी हत्यारं असलेल्या सगळ्यांनीच परवान्याबद्दल आपल्या पोलीस ठाण्यात एकदा विचारून घ्यावं. सणासुदीला जमावबंदीबरोबर हत्यार बाळगून फिरायलाही बंदी असते, ती वेगळीच. आणि परदेशातल्या कुणाला शंभर वर्षांपूर्वीची वस्तू पाठवायची असेल तर विसरा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं खासगी माणसाला ती बाहेर नेता येत नाही.

प्रश्न : लंडनहून आलेली वाघनखं महाराजांचीच का?
– तीन वाचक, वेगवेगळ्या शब्दांत

उत्तर : ती व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाची आहेत, जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी आधी साताऱ्याला आली. साताऱ्याचा ब्रिटिश रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्याकडे ती होती आणि सोबतच्या पेटीवर तसा मजकूर आहे. पण ती महाराजांनीच वापरलेली, याची खात्री देता येत नाही, असं ते संग्रहालय स्वतःच सांगतं. यापुढे मी काय बोलू? जाऊन बघा. पट्टीच्या टोकांच्या अंगठ्यांतून बोटं गेल्यावर नख्या मुठीत कशा लपत असतील ते बघा.

प्रश्न : सासरे चपला करायचे. त्यांची चामडं कापायची रापी पडून आहे. पातं काळंकुट्ट, झिजून निम्मं राहिलंय. तुम्ही तलवारी-कट्यारींचंच लिहिता. रापी कुणी जपून ठेवतं का?
– एक वाचक, सुभाषनगर, कोल्हापूर

उत्तर : ताई, या महिन्यातलं सगळ्यात चांगलं पत्र तुमचं आहे. कट्यारी राजवाड्यांत आणि संग्रहालयांत आहेत, त्यांचं बरं चाललंय. रापी मात्र कारागीर गेला की भंगारात जाते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते चामडं ज्या रापीनं तासलं तिला कपाटात जागा कुणी दिलेली मी तरी पाहिलेली नाही.

ते काळंकुट्ट पातं घासू नका. कोल्हापुरीचं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात. हिरडा आणि लोखंड भेटले की काळा रंग तयार होतो, जुनी शाईही अशीच करत. तुमच्या सासऱ्यांच्या पात्यावर वर्षानुवर्षांची ती शाई बसलीय. वर मी म्यानाला नावं ठेवली हे खरं, पण म्यानात पातं कोंडून पडतं. रापी रोज हातात असते, रोज पुसली जाते.

तिचा फोटो मला काढू द्या. नव्या रापीशेजारी ठेवून काढतो, म्हणजे किती झिजली ते एका नजरेत कळेल. मुठीवर अंगठ्यानं खळगा पडला असेल, तोही घेऊ. सासरे ज्या फळीवर चामडं ठेवून कापायचे ती अजून असेल तर शोधून ठेवा, तिच्यावरच्या रेघा मला हव्यात. त्यांची आरी, हातोडी जे सापडेल ते एका जागी ठेवा, पण पुसू नका. संपादकांकडून माझा नंबर घ्या. कुठल्याही रविवारी सकाळी नऊपर्यंत येतो, तेव्हा तुमच्याकडे उजेड कुठल्या बाजूनं येतो तेवढं बघून ठेवा. तोवर कुणी धार लावून देतो म्हणालं तर देऊ नका.