वाचकांचे प्रश्न : घरपट्टीच्या हप्त्यांत सौर वीज मिळेल काय?

प्रश्न : आमचे घर आर्णी तालुक्यात गावठाणात आहे, अर्धे कवेलूचे, अर्धे टिनाचे. उन्हाळ्यात कूलर आणि पंखे रात्रंदिवस चालतात व वीजबिल झेपत नाही. अमेरिकेत राहणारा पुतण्या सांगतो की, तिकडे नगरपालिकाच सौर पॅनलसाठी पैसे देते आणि घरपट्टीबरोबर हप्त्याने वसूल करते. आमची ग्रामपंचायत असे कर्ज देईल काय? (एक वाचक, जिल्हा यवतमाळ)

उत्तर : पुतण्या सांगतो ते खरे आहे. कॅलिफोर्नियातील बर्कली शहराने २००८ साली ही पद्धत सुरू केली. सौर यंत्रणेचा खर्च शहराने उचलायचा, मालकाने तो वीस वर्षांत मालमत्ता कराबरोबर फेडायचा, आणि घर विकले तर उरलेले हप्ते नव्या मालकाने भरायचे, अशी तिची रचना होती. मात्र कराचा बोजा गृहकर्जाच्या आधी वसूल होत असल्याने २०१० मध्ये तिथल्या गृहवित्त नियामकाने हरकत घेतली. पुढे दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्यांनी वृद्धांच्या गळ्यात न पेलणारी कर्जे मारल्याच्या तक्रारीही आल्या.

आपल्याकडे महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ नुसार पंचायत घरपट्टी बसवते. परंतु खाजगी घराला कर्ज देऊन ते घरपट्टीत वसूल करण्याची सोय त्या कायद्यात नाही. तेव्हा पंचायतीच्या सचिवांनी नकार दिला तर त्यात त्यांचा दोष नाही. अशी तरतूद व्हावी असे मला मनापासून वाटते, पण दोन अटींवर : हप्ता वाचलेल्या बिलापेक्षा जास्त नसावा, आणि मीटर सुरू झाल्याशिवाय ठेकेदाराला पैसे मिळू नयेत. ज्या कुटुंबाकडे घराशिवाय दुसरी मालमत्ता नाही, त्याच्या घरावर बोजा चढवताना एवढी काळजी घेतलीच पाहिजे.

आज खुला असलेला मार्ग म्हणजे फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली, घराच्या छतावरील सौर यंत्रणेसाठीची केंद्र सरकारची पीएम सूर्यघर योजना. तिच्यात पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये व तिसऱ्याला १८,००० रुपये, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान मिळते. ते यंत्रणा बसून नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारे मीटर) लागल्यावर खात्यात जमा होत असल्याने सुरुवातीची रक्कम आपल्यालाच उभी करावी लागते. त्यासाठी सरकारी बँका तीन किलोवॉटपर्यंत तारणाशिवाय कर्ज देतात. खरी अडचण बहुधा कागदावर असते. अनेक घरांत वीजजोडणी अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर असते आणि नमुना ८ मध्ये, म्हणजे पंचायतीच्या घरपट्टी नोंदवहीत, चार भावांची नावे असतात. म्हणून आधी वारस नोंद आणि वीजबिलावरील नाव दुरुस्त करून घ्यावे.

एक गोष्ट विक्रेते क्वचितच सांगतात : बॅटरीविना बसवलेली, ग्रिडला म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेली यंत्रणा लाइन गेली की बंद पडते, भर दुपारीसुद्धा. कवेलूवर पॅनल बसवू नयेत. टिनाच्या भागावर बसवायचे असल्यास खालचे अँगल वजन पेलतील का, ते आधी तपासून घ्यावे.

त्याहीआधी खर्च कमी करता येतो. टिनावर मार्चमध्येच पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्यावेत. साधा पंखा सुमारे ७५ वॉट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा सुमारे ३०. रोज पंधरा तास चालणारे दोन पंखे बदलले तर महिन्याला चाळीस युनिट वाचतात. मग कदाचित दोनऐवजी एका किलोवॉटवरही भागेल.

प्रश्न : मग ग्रामसभेत मागावे तरी काय?

उत्तर : महावितरण आणि बँकेला गावात बोलावून नावदुरुस्ती व कर्जअर्जांचे शिबिर घेण्याचा ठराव मागावा. सूर्यघर योजनेतच छतावर बसलेल्या प्रत्येक यंत्रणेमागे स्थानिक संस्थेला १,००० रुपये प्रोत्साहन मिळते, त्यामुळे पंचायतीलाही त्यात रस वाटायला हरकत नाही. लोकसंख्या ५,००० च्या वर असेल तर जिल्ह्यातील आदर्श सौर ग्राम स्पर्धेचा विचार करावा. निवडलेल्या गावाला एक कोटी रुपये मिळतात.