प्रवासाचं विचारा : तिरुपतीचा पाऊस आपल्यानंतर सुरू होतो

प्रश्न : काका, मुलाचं जावळ तिरुपतीला काढायचा नवस आहे. २० डिसेंबरला तो वर्षाचा होईल आणि त्याआधीच काढायचं असा सासूबाईंचा हट्ट आहे. म्हणून नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात निघावं म्हणतोय. दसरा झाला की आपल्याकडे पाऊस आटपतो, तिथेही तसंच ना? आणि डोंगर पायी चढावा का?
– एक वाचक भगिनी, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : ताई, रेल्वेत तिकीट तपासत जन्म गेला, तरी ही चूक मीसुद्धा केली. आपला पाऊस परतला की तिथला खरा पाऊस लागतो. ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत वारं उलटं, ईशान्येकडून वाहतं आणि बंगालच्या उपसागरावरून पाणी घेऊन येतं. त्यात समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की तिरुपतीचेच शेषाचलमचे डोंगर ते ढग अडवतात आणि रिकामे करून घेतात.

१८ नोव्हेंबर २०२१, त्रिपुरी पौर्णिमेची संध्याकाळ. मी आणि ही, डोंगराखालच्या तिरुपती गावात लॉजवर. दर्शन उरकलेलं, दुसऱ्या दिवशी परतीची गाडी. दुपारपासून पाऊस थांबेचना. डोंगराच्या पायथ्याचा कपिलतीर्थाचा धबधबा लाल गढूळ झाला होता, आणि रात्री लॉजसमोरच्या रस्त्यावर गुडघ्यापेक्षा वर पाणी. चपलांचा एक अख्खा जथा जिन्याखाली गोल फिरत होता. खालच्या मजल्यावरची बॅग मी वर आणली तेव्हा तिच्यातली सोलापुरी चादर इतकी भिजली होती, की दोघांनी दोन टोकं धरून पिळावी लागली. लाडू तेवढे हिने डोक्याशी ठेवले होते म्हणून वाचले. शेंगाचटणी टिकली, पण कडक भाकरी दमट हवेने दुसऱ्याच दिवशी चामड्यासारखी वाकायला लागली. कडक भाकरी वाकलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

सकाळी कळलं की चेय्येरू नदीवरचं अन्नमय्या धरण फुटलंय, आणि नंदलूर–राजमपेट भागात रुळांखालची माती वाहून गेलीय. आपली सोलापूर–गुंतकल–कडप्पा–रेणिगुंटा लाइन तीच. गाड्या रद्द. लॉजवाल्याने दुसऱ्या रात्रीपासून भाडं दुप्पट केलं, ते वेगळंच. शेवटी चित्तूरवरून एसटीने (तिथली, लाल नव्हे) बेंगळुरू गाठलं आणि तिथून रेल्वेने घरी, चार दिवस उशिरा.

आपल्याला पूर म्हटलं की चंद्रभागा आठवते. पण उजनी आणि वीरमधून पाणी सोडतात तेव्हा किती क्युसेक सोडलं ते आधी कानावर येतं, नदीकाठच्यांना सामान हलवायला थोडा वेळ मिळतो. तिरुपतीत वरच्या डोंगरावरचं पाणी उतारावरून थेट गावात येतं. पूर्वी ते वाटेतल्या चेरुवूंमध्ये, म्हणजे तलावांत, मुरायचं. तुमच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या आजींना हा शब्द सांगावा लागणार नाही. आता त्यातल्या काही तलावांवर वस्त्या झाल्यात. पाणी आपली जुनी जागा विसरत नाही, इतकंच.

आणि हे फक्त त्यांचंच दुखणं आहे असं समजू नका. १३ ऑक्टोबर २०२० ला काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर आलेला असाच एक पट्टा तेलंगणातून पुढे सरकत आपल्यापर्यंत पोचला, आणि दुसऱ्या दिवशी पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जण गेले.

तर जायचंच असेल तर जा, नवस आहे. पण निघण्याआधी सोलापूरचं आकाश बघू नका, हवामान खात्याचा उपसागरावरचा इशारा बघा. तिथे पट्टा तयार होतोय असं दिसलं तर आठवडा पुढे ढकला; तुमच्याकडे २० तारखेपर्यंत वेळ आहेच. परतीच्या तिकिटानंतर दोन दिवस मोकळे ठेवा, घरच्यांच्या रजा त्या हिशेबाने काढा. गाडी रेल्वेनेच रद्द केली तर पैसे पूर्ण परत मिळतात, त्याची काळजी नको. बाळाचं दूध आणि औषधं मात्र चार दिवसांची जास्त घ्या, कारण तेवढंच तिथे मिळता मिळत नाही.

पायी? पाऊस असेल तर मुळीच नाही. २०२१ च्या त्या पावसात श्रीवारी मेट्टूची पायवाट इतकी उखडली, की ती मे २०२२ मध्ये उघडली. दुसरी, अलिपिरीची वाट साडेतीन हजारांवर पायऱ्यांची, ओल्यात निसरडी. देवस्थानच्या बसने वर जा. मुक्काम खाली नको, वरच मिळवा. कल्याणकट्टाही वरच आहे, जावळ तिथेच काढतात. सासूबाईंनी पायी चढायचा आग्रह धरला तर त्यांच्याच गुडघ्यांचं नाव पुढे करा.