पाच डॉलरची नोट आणि तुमचं घर

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. ऑफिसातला सहकारी 'ट्रीटी मनी' म्हणून वर्षाला पाच डॉलर घेतो ते काय, आणि रेजायनात, म्हणजे कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांताच्या राजधानीत, घर घेतलं तर उद्या ते 'लँड क्लेम'मध्ये, म्हणजे मूळनिवासींच्या जमिनीच्या दाव्यात, जाईल का. दुसऱ्याचं उत्तर आधी: नाही जाणार. बिनधास्त घ्या.

पहिल्याला जरा वेळ लागेल. इथून तासाभरावर फोर्ट क्वापेल आहे. तिथे १५ सप्टेंबर १८७४ ला क्री आणि सोतो या मूळनिवासी लोकांचा ब्रिटनच्या राणीच्या प्रतिनिधींशी चौथा करार झाला. माणशी वर्षाला पाच डॉलर, पाच जणांच्या कुटुंबामागे एक चौरस मैल राखीव जमीन, शिकारीचा हक्क, वगैरे. बोलणी सुरू होतानाच घोडं अडलं. हडसन्स बे या ब्रिटिश व्यापारी कंपनीने हा सगळा मुलूख ३ लाख पौंडांना कॅनडाला देऊन टाकला होता. पास्क्वा नावाच्या प्रमुखाने कंपनीच्या माणसाकडे बोट दाखवून सांगितलं, ते पैसे आम्हाला हवेत. मुद्दा बिनतोड होता. पैसे अर्थातच मिळाले नाहीत.

इंग्रजी मसुद्यात जमीन 'सोडून दिली' असं आहे. त्या लोकांचे वडीलधारे सांगतात, नांगराचा फाळ जाईल तेवढीच जमीन वापरायला दिली, त्याखालची नाही. सस्कॅचवानच्या पोटात किती पोटॅश (खताचं खनिज) आहे हे कळलं की या वाक्याचं वजन कळतं. १९३० मध्ये केंद्राने खनिजं परस्पर प्रांताच्या हवाली केली, यांना न विचारता. दाद मागावी तर १९२७ ते १९५१ अशा दाव्यांसाठी वर्गणी जमवायलासुद्धा सरकारची परवानगी लागायची!

दाव्यांचं मूळ बरेचदा साधं असतं. मोजणीला डोकी कमी धरली, जमीन कमी मिळाली. १९९२ मध्ये इथल्या २५ फर्स्ट नेशन्सशी, म्हणजे मूळनिवासींच्या समूहांशी, समझोता झाला, तोही मुख्यतः पैशांत. त्या पैशांतून ते बाजारात जमीन घेतात, विकणारा राजी असेल तरच. म्हणून तुमचं घर सुरक्षित. सस्कटून शहरात तर १९८८ पासून मस्केग लेक क्री नेशनचं रिझर्व्ह, म्हणजे राखीव जमीन, आहे. आणि २०१२ मध्ये 'आयडल नो मोअर' ही मूळनिवासींच्या हक्कांची चळवळ उभी राहिली तीही सस्कॅचवानच्या चार बायकांनी सुरू केलेली.

एक मात्र करू नका. नवीन असताना मी जेवणाच्या टेबलावर फर्स्ट नेशनच्या एकाला बोलून गेलो, 'तुम्हाला टॅक्स नसतो ना?' समोरच्याने काही न बोलता स्वतःची पे-स्लिप पुढे सरकवली. रिझर्व्हबाहेरची नोकरी, त्यामुळे टॅक्स आपल्यासारखाच, आणि त्याचा माझ्याहून जास्त कापलेला. घास घशात अडकला.

त्याच्याच सोबत पुढे एका सप्टेंबरात फोर्ट क्वापेलला गेलो. टेबलामागे सरकारी कारकून यादीवर खुणा करत होता, शेजारी लाल डगल्यातला पोलीस. समोर कोऱ्या नोटांची थप्पी. एक आजी कडेवरच्या तान्ह्याचेही पाच मोजून घेत होती. रक्कम दीडशे वर्षांत वाढलेली नाही, आमच्या पेट्रोललाच त्याहून जास्त गेले होते. तरी तो रांग चुकवत नाही. 'मी नाही आलो तर ते म्हणतील करार संपला,' एवढंच म्हणाला, आणि परत येताना ती नोट कॉफीच्या खिडकीवर मोडली.