बाबांची रेसिंग आणि मुलीचं कार्टिंग, दोन्ही एकाच खिशातून?

प्रश्न: नोकरी सांभाळून मी क्लब पातळीवर सलून कारच्या, म्हणजे रोजच्या वापरातल्या गाड्यांवरून बनवलेल्या बंद गाड्यांच्या शर्यतींत भाग घेतो. मुलगी 10 वर्षांची आहे आणि भाड्याच्या कार्टवर (शर्यतीची छोटी, उघडी गाडी) मोठ्या मुलांना मागे टाकते. तिला स्वतःची कार्ट घ्यावी का? त्यासाठी माझी रेसिंग थांबवावी का? आणि यात खरंच करिअर होतं का? – एक पालक

उत्तर: आधी पैशाचं बोलू, कारण या खेळात बहुतेकांचा पैसा हुनराच्या आधी संपतो. कार्टची किंमत हा खर्चाचा लहानसा भाग. टायर, ठरावीक तासांनी इंजिन उघडून करायचं काम, प्रवास आणि सरावाचे दिवस यांतच खरी रक्कम जाते. शर्यतींपेक्षा सरावाचे दिवस जास्त लागतात, आणि नवख्या पालकांच्या हिशोबात नेमके तेच नसतात. धडकेत मोडणारे सुटे भाग, म्हणजे टाय रॉड, स्टब अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल, चेन हे एकेक जादा हाताशी ठेवा. नाहीतर पहिल्या हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक शर्यतीत, धडक बसली की सगळा वीकेंड वाया. वर्षाचा आकडा हंगामाआधी कागदावर लिहा, पाचवा हिस्सा मोडतोडीसाठी वेगळा काढा, आणि त्यावर घरातल्या दोघांचीही सही असू द्या. कर्ज मात्र काढू नका.

तुमची गाडी पहिल्या वर्षी तरी विकू नका. ‘बाबांनी माझ्यासाठी गाडी विकली’ हे ओझं पोरीच्या प्रत्येक हुकलेल्या लॅपवर बसतं. पण शनिवार-रविवार दोघांना पुरणार नाहीत. तुमच्या एक-दोन शर्यती ठेवा, बाकीचे दिवस तिचे.

आता तुमच्यासारख्या वडिलांची नेहमीची अडचण. तुम्हाला गाडी चालवता येते, म्हणून कार्टही शिकवता येईल असं वाटतं. कार्टला सस्पेन्शन नसतं आणि डिफरेन्शियलही (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) नसतं. मागची दोन्ही चाकं एकाच अ‍ॅक्सलवर एकाच वेगाने फिरतात. त्यामुळे वळणात आतलं मागचं चाक क्षणभर उचललं जायला हवं. ते काम स्टिअरिंगची भूमिती, चेसिसची (सांगाड्याची) लवचीकता आणि सीटची जागा मिळून करतात. चाक उचललं नाही तर कार्ट घासत वळते, बाहेर पडताना इंजिन गुदमरतं आणि वडील कार्ब्युरेटरला दोष देतात. जास्तच उचललं तर कार्ट उड्या मारते. सलून कारमध्ये तुम्ही हात हळुवार ठेवायला शिकलात. इथे वळणाच्या सुरुवातीला हात थोडे ठाम लागतात, चाक उचललं की मग सैल सोडायचे. तुमची शिकवण शब्दशः उचलली तर ती मंदावेल. पहिले काही महिने तरी कार्टिंगचा प्रशिक्षक लावा आणि कुंपणापाशी उभं राहून खुणा करणं बंद करा.

शाळेच्या गणवेशासारखी वाढत्या अंगाची सीट घ्यायची नाही. सीट ही चेसिसचाच भाग असते. ती सैल असली की भार सरकतो, कार्टचं वागणं बदलतं आणि मुलांच्या बरगड्या दुखावतात. बरगड्यांचं संरक्षक कवच सक्तीचं नसलं तरी घालाच. हेल्मेट मुलांसाठीच्या हलक्या मानकाचं, म्हणजे हेल्मेट तपासणाऱ्या स्नेल संस्थेच्या सीएमआर किंवा सीएमएस शिक्क्याचं बघा. मोठ्यांचं जड हेल्मेट तिच्या मानेला झेपत नाही. तुमचा जुना सूटही चालणार नाही. तो आगीपासून वाचण्यासाठी असतो. कार्टला पट्टा नसतो, चालक बाहेर फेकला जातो, म्हणून कार्टचा सूट घासण्याला टिकणारा असतो.

इंजिनासाठी सील केलेल्या वर्गापासून, म्हणजे इंजिन परस्पर उघडून बदलता येत नाही अशा वर्गापासून सुरुवात करा. रोटॅक्स मॅक्स या कार्ट इंजिनांच्या वर्गात अधिकृत केंद्राचं सील असतं, त्यामुळे ट्यूनिंगवर पैसे ओतण्याची शर्यत बरीच आटोक्यात राहते. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं असतं. निर्मात्याने 2 टक्के सांगितलं असेल तर 5 लिटरला 100 मिली, आणि ते मापाने, अंदाजाने नाही. तेल कमी पडलं तर पिस्टन अडकतो.

एक वही ठेवा: टायरची हवा थंड असताना किती, ट्रॅकवरून आल्या आल्या किती, मागच्या स्प्रॉकेटचे (चेनच्या दातेरी चक्राचे) दात, हवामान, लॅपची वेळ. हवा वाढवली तर टायर लवकर तापतो, पण शेवटच्या लॅपमध्ये घसरायला लागतो. एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन बदलले तर कशाने फरक पडला ते कळणारच नाही, आणि हौशी वडील नेमके तीनच बदलतात.

करिअरचं सरळ सांगतो. फॉर्म्युला 4, म्हणजे फॉर्म्युला 1 कडे जाणारी पहिली पायरी, तिच्यासाठी किमान वय 15. फॉर्म्युला 1 चालवायला लागणाऱ्या सुपर लायसन्ससाठी सर्वसाधारणपणे वय 18 आणि 3 हंगामांत मिळून 40 गुण. फॉर्म्युला 4 चं विजेतेपद 12 गुण देतं, फॉर्म्युला 3 चं 30, आणि पूर्ण 40 गुण फॉर्म्युला 2 मधल्या पहिल्या तिघांना. फॉर्म्युला 1 चालक शार्ल लक्लेर्कचे वडील एर्वे 1980 च्या दशकात फॉर्म्युला 3 चालवत. तरी मुलाच्या कार्टिंगचा खर्च घराला झेपेनासा झाला, तेव्हा 2011 मध्ये व्यवस्थापक निकोला टोड मदतीला आले. 

पण चालकांच्या पगाराच्या बऱ्याच जागा जीटी, म्हणजे स्पोर्ट्स कारच्या, शर्यतींत आहेत आणि त्या तुमच्यासारख्या हौशी चालकांमुळेच टिकून आहेत. एफआयए ही मोटर शर्यतींची जागतिक संघटना चालकांची ब्रॉन्झ (हौशी), सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशी वर्गवारी करते. 2024 पासून जागतिक एन्ड्युरन्स (लांब पल्ल्याच्या) स्पर्धेच्या एलएमजीटी3 या जीटी गाड्यांच्या गटात प्रत्येक गाडीत ब्रॉन्झ चालक लागतो. पैसा बहुतेकदा तो आणतो, आणि त्याच्यासोबत वेगवान व्यावसायिक चालक नेमला जातो. तिच्यासाठी हे दार फॉर्म्युला 1 पेक्षा पुष्कळ रुंद आहे. त्यात हौशी माणसाला शिकवता येणं, डेटा वाचता येणं आणि प्रायोजकाशी नीट बोलता येणं लागतं. म्हणून गणित-भौतिकशास्त्र सोडू देऊ नका. रेस इंजिनिअर किंवा डेटा इंजिनिअर होण्याचा रस्ताही तिथूनच जातो.

हंगामाच्या शेवटी ट्रॉफ्या मोजू नका. मोकळ्या ट्रॅकवरच्या सलग 10 लॅपमध्ये तिच्या वेळा किती जवळजवळ येतात, त्याच वर्गातल्या आघाडीच्या मुलांपासून ती किती मागे आहे, आणि ट्रॅकवरून आल्यावर ‘कार्ट आत वळत नव्हती’ की ‘मागून सुटत होती’ हे ती स्वतःहून सांगते का, एवढं बघा. अंतर कमी होत असेल तर दुसरं वर्ष करा. नसेल तर भाड्याच्या कार्टवर परत जा आणि तुमच्या गाडीचा डेटा तिच्याकडून वाचून घ्या. तूर्तास सरावाचे दिवस ठरवण्याआधी तिच्या शाळेकडून परीक्षांचं वेळापत्रक मागवून घ्या.