ज्यू धर्मात मूल आईवरून ज्यू ठरतं, ही पद्धत आली कुठून? माझ्या मैत्रिणीचे वडील ज्यू, आई हिंदू. मग ती ज्यू नाही का?

मैत्रिणीचं शेवटी सांगतो. आधी एवढंच की ‘हे मोशेच्या काळापासून असंच आहे’ असं कोणी ठासून सांगितलं तर मान डोलवा आणि विषय बदला. मला ते जमत नाही, म्हणून आमच्या घरात अजून भांडण चालू आहे.

माझी आई बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी, वडील हिंदू. मी गणपतीत वाढलो. मामाचं उलटं. मामी मराठा घरातली, लग्न रजिस्टर केलेलं, रीतसर धर्मांतर कोणी केलं नाही. पण रायगडातल्या त्या घरात शुक्रवारी संध्याकाळी शाब्बाथचा, म्हणजे विश्रांतीच्या पवित्र दिवसाचा, दिवा लागायचा तो मामीच्या हातून. ज्यूंमध्ये मांसाबरोबर दूधदही चालत नाही, म्हणून मटणात नारळाचं दूध, आणि त्या दिवशी दही मागितलं तर ती आम्हा पोरांवर डोळे वटारायची. तिचा मुलगा, आमचा दादा, शेमा ही मुख्य प्रार्थना पाठ म्हणायचा, पेसाहच्या सणात आठवडाभर पावाला शिवायचा नाही.

मामा गेला. घरी संध्याकाळची प्रार्थना होती आणि मिन्यानला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेच्या गणसंख्येला, दहा ज्यू पुरुष लागतात. बहुतेक मंडळी कधीच इस्रायलला गेलेली, त्यामुळे जमले नऊ. दादा पुढे आला तर बाहेरून आलेल्या एका जाणत्या गृहस्थांनी त्याला हातानेच थांबवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “तू ये, तुझी आई आपली.” मी डोक्यावर हातरुमाल टाकून उभा राहिलो. हातात उजवीकडून उघडायचं हिब्रू प्रार्थनेचं पुस्तक दिलं ते मी आपल्या सवयीने डावीकडून उघडलं. दारात उभ्या असलेल्या दादाने हात लांबवून ते फिरवून दिलं, पानही काढून दिलं. मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. बापासाठी प्रार्थना म्हणणारा मुलगा उंबऱ्यात, आणि दहावा माणूस मी!

इस्रायलमध्ये अश्दोदला राहणारा माझा मावसभाऊ म्हणतो, नियम म्हणजे नियम, देवाने दिलेला. मग मी वाचायला बसलो.

तोरात, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात, वंश सरळ बापाकडून चालतो. योसेफाची बायको आसनथ इजिप्तमधल्या पुरोहिताची मुलगी, मोशेची सिप्पोरा मिद्यानी. त्यांच्या मुलांना कोणी उंबऱ्यात थांबवलं नाही. शलमोनाचा मुलगा रहबाम अम्मोनी आईच्या पोटचा, तो थेट गादीवर बसला. इसवीसनपूर्व पाचव्या शतकात एज्रा या धर्मशास्त्र्याने परक्या बायका मुलांसकट घालवून द्यायला लावल्या, तिथे या विचाराचं बीज दिसतं खरं. पण ज्यू बाईने परका नवरा केला तर काय, यावर एज्रा गप्प आहे. हेरोद राजाला विरोधकाने ‘अर्धा ज्यू’ म्हणून हिणवलं ते त्याचा बाप इदोमी, म्हणजे मूळच्या परक्या, घराण्यातला म्हणून. आई नबाती अरब होती, तो मुद्दा कोणी काढलाच नाही.

नियम स्पष्ट लिहिलेला सापडतो तो मिश्ना या रब्बींच्या (ज्यू धर्मपंडितांच्या) कायदेसंग्रहात, म्हणजे साधारण इ.स. 200 मध्ये. ज्या बाईशी ज्यू पुरुषाचं लग्न धर्माने लागूच शकत नाही, तिचं मूल तिच्यासारखं. गंमत म्हणजे ज्यू आई आणि परका बाप असेल तर त्याच मिश्नात मूल कलंकित धरलंय. ते निर्दोष ज्यू ठरलं पुढे तालमुदच्या, म्हणजे मिश्नावरच्या मोठ्या चर्चाग्रंथाच्या, काळात. म्हणजे त्या दिवशीची माझी दहावी जागासुद्धा नंतरच्या रब्बींची कृपा.

मग हा बदल का झाला? शे कोहेन या अभ्यासकाचं मत मला सगळ्यात पटतं: रोमन कायद्यात जोडप्याला कायदेशीर लग्नाचा हक्क नसेल तर मूल सहसा आईच्या दर्जाचं धरत, आणि रब्बी त्याच राज्यात बसून कायदा रचत होते. ‘आई कोण ते नक्की असतं, बापाचं काय सांगावं’ हे कारण सगळे देतात. मला ते लंगडं वाटतं. तसं असतं तर कोहेन (पुरोहित) आणि लेवी (मंदिरातले सेवक) ही घराणी आजही बापाकडून कशी चालतात?

आणि हे आम्ही बेने इस्राएलांनी दुसऱ्यांना ऐकवावं, हे तर फारच झालं. आमच्यातच ‘गोरा’ आणि ‘काळा’ होते. काळा म्हणजे ज्यांची आई बाहेरची, त्यांच्याशी सोयरीक नाही. मग 1962 साली इस्रायलच्या मुख्य रब्बींनी परिपत्रक काढलं की बेने इस्राएलांचं लग्न बाहेरच्या ज्यूंशी लावताना आई, आजी, जमेल तितकं मागे जाऊन तपासा. तेव्हा आमची माणसं जेरुसलेमच्या रस्त्यावर उतरली आणि 1964 मध्ये जमातीचं नाव त्यातून काढायला लावलं. मावसभाऊ ती हकीकत अभिमानाने सांगतो. दादाचं नाव काढलं की मात्र त्याला पुन्हा नियम आठवतो.

असो. मी रब्बी नाही, आणि ‘नियम उशिरा लिहिला म्हणून खोटा’ असंही मी म्हणत नाही. जुन्या वळणाचे ज्यू त्याला तोंडी परंपरेतून आलेला मानतात, आणि अठराशे वर्षं पाळलेला नियम माझ्या उत्तराने हलणार नाही.

तुमची मैत्रीण: ऑर्थोडॉक्स, म्हणजे जुन्या वळणाच्या, रब्बीच्या लेखी ज्यू नाही. अमेरिकेतल्या सुधारणावादी रिफॉर्म पंथाच्या रब्बींनी 1983 मध्ये आई किंवा वडील कुणीही ज्यू चालेल असं ठरवलं, अट एवढीच की मूल ज्यू म्हणून वाढलेलं हवं. तालमुद न मानणारे कराइट ज्यू तर बापाकडूनच मोजतात. इस्रायलच्या कायद्यात 1970 च्या दुरुस्तीने ज्यूची व्याख्या आईवरून केली, पण त्याच दुरुस्तीने ज्यूच्या मुलांना आणि नातवंडांना तिथे स्थायिक व्हायचा हक्कही दिला. म्हणजे तिला नागरिकत्व मिळू शकेल, तिथल्या रब्बीकडून लग्न लागणार नाही.

सिनेगॉगमध्ये लग्न हवं असेल तर रीतसर गियुर, म्हणजे धर्मांतर, करावा लागेल, आणि तो कोणाच्या बेथ दिनकडून (धर्मन्यायालयाकडून) चालेल हे आधी लेखी विचारून घ्या, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून करायला लावतात. दादाने केला नाही. बापाच्याच घरात पाहुण्यासारखा अर्ज कशाला करू, म्हणतो. तिला करायचा असेल तर मुलं व्हायच्या आधी करू दे, कारण पुढची सगळी मोजणी तिच्यावरून होणार आहे.