आल्सासचे द्राक्षमळे ऑक्टोबरमध्ये सायकलने पाहताना

फ्रान्समधील आल्सासचा वाइन मार्ग ऑक्टोबरच्या मध्यात, चार दिवसांत, मार्लेनहाइमपासून थानपर्यंत सायकलने पूर्ण होईल का, असे आपण विचारले आहे. होईल; पण तो पूर्ण करण्याच्या मागे लागू नये, असा माझा आग्रह आहे. १९५३ साली सुरू झालेला हा मार्ग सुमारे १७० किलोमीटरचा आहे. रोजचे चाळीसेक किलोमीटर कागदावर सोपे दिसतात, परंतु मळ्यांतली वाट टेकडीवर चढते, गावात उतरते आणि लगेच पुन्हा चढू लागते, त्यामुळे सगळा दिवस पेडल मारण्यातच जातो आणि ज्यासाठी इतक्या दूर आलो ते पाहायचे राहून जाते.

माझ्या मते स्ट्रासबर्गहून ब्रुश कालव्याच्या काठाने मोल्साइम गाठावे. स्ट्रासबर्गच्या तटबंदीसाठी दगड आणण्याकरिता १६८२ मध्ये खोदलेल्या या कालव्याची वाट सपाट आहे आणि पहिल्या दिवशी पायांना ती मानवते. पुढे बार, रिबोविले आणि एगिसहाइम येथे मुक्काम करून कोल्मारहून रेल्वेने परतावे. रिबोविले ते रिक्विर हा छोटा टप्पा घाईने उरकू नये. वाटेत उनाविर गावाचे तटबंदीचे चर्च चारही बाजूंनी द्राक्षवेलींनी वेढलेले दिसते आणि त्या सुमारास पाने पिवळी पडू लागलेली असतात.

काढणीचा ऐन जोर सप्टेंबरात असतो, तरी गोड वाइनसाठी वेलीवर मुद्दाम राखलेले घड ऑक्टोबरातही दिसतात. ते कोणाच्या तरी वर्षभराच्या कष्टाचे पीक आहे, म्हणून एक मणीही तोडू नये. ट्रॅक्टर दिसला की सायकल कडेला घेऊन उभे राहावे. त्याच्या चाकांतून डांबरावर पडलेला चिखल आणि त्यावर चिकटलेली ओली पाने यांचा मिळून असा निसरडा थर होतो, की उतारावरच्या वळणात पुढचा ब्रेक दाबताच चाक हातातून सुटते. मी एकदा तिथे कोपर सोलून घेतले आहे. वेग वळणाआधीच कमी करावा, आणि टायर थोडे रुंद असावेत.

वाइन चाखण्याचा कार्यक्रम मुक्कामी पोहोचल्यावरच ठेवावा. फ्रान्समध्ये रक्तातील अल्कोहोलची प्रतिलिटर ०.५ ग्रॅमची मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे, आणि दुपारच्या दोन पेल्यांनंतर तो उतार तसाही धोक्याचा होतो. संध्याकाळी निवांतपणे रिझलिंग आणि गेवुर्ट्झट्रामिनर या दोन पांढऱ्या वाइन एकापाठोपाठ चाखून पाहा; एकीचा लिंबासारखा करकरीतपणा आणि दुसरीचा गुलाबाचा वास लगेच वेगळा कळतो.

व्होज पर्वतरांग पश्चिमेकडून येणारा पाऊस अडवते, त्यामुळे कोल्मारच्या परिसरात पाऊस तुलनेने कमी पडतो. तरीही सकाळी दाट धुके असू शकते. गावाबाहेर रात्री किंवा अंधूक प्रकाशात परावर्तक जॅकेट घालणे तिथे सक्तीचे आहे, म्हणून ते बॅगेच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवावे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात आणि संध्याकाळ एकदम लवकर होते. आपली सहल त्यापुढे लांबली, तर दुपारी चारपर्यंत मुक्काम गाठता येईल असेच टप्पे आखावेत.