हाताने वळलेली सिगार आणि चवीचे आपले शब्द

प्रश्न : परदेशी असलेल्या जावयाने डॉमिनिकन प्रजासत्ताकात वळलेल्या ५ सिगारींची पेटी भेट दिली. सोबतच्या पत्रकात देवदार, कातडे, कोको, मिरी अशा चवी लिहिल्या होत्या. दोन सिगारी मी मन लावून ओढल्या, प्रत्येकी वीसेक मिनिटांत संपल्या. पण धूर, कडवटपणा आणि शेवटी गरगरणे यांपलीकडे हाती काही लागले नाही. उरलेल्या तीन वाया जाऊ नयेत असे वाटते. माझे काय चुकते?
— एक निवृत्त शिक्षक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : निम्मे उत्तर आपण लिहिलेल्या वीस मिनिटांतच आहे. साधारण ५ इंच लांब आणि ५० गेजची सिगार, म्हणजे इंचाचे ६४ भाग केले तर त्यांतील ५० भाग जाड असलेली, पाऊण तास ते एक तास चालावी अशा बेताने वळलेली असते. ती घाईने ओढली की निखारा तापतो आणि पानाची चव मागे पडून नुसता कडू धूर उरतो. मंद आचेवर परतायचा कांदा मोठ्या आचेवर करपवावा, तसेच हे आहे. मिनिटाला एक झुरका, हे प्रमाण पहिल्या वेळी घड्याळ समोर ठेवून पाळावे. दोन झुरक्यांच्या मधला तो मिनिट मोकळा नसतो; जिभेवर जे राहिले आहे ते ओळखायचे असते ते त्याच वेळात. गरगरण्याचे कारण निकोटीन आहे आणि रिकाम्या पोटी ते अधिक बाधते. म्हणून जेवणानंतर अर्ध्या तासाने, बसून, जवळ साधे पाणी ठेवून ओढावी. गरगरू लागले तर सिगार खाली ठेवावी आणि त्या दिवशी पुन्हा हाती घेऊ नये.

पेटवण्याआधी पाच मिनिटे सिगार नुसती पाहावी, असा माझा आग्रह आहे. पेटवायचे टोक खिडकीच्या उजेडात धरले की नऊवारीच्या निऱ्या वरून दिसाव्यात तशा पानांच्या घड्या दिसतात, आणि नीट निरखले तर त्यांत दोन-तीन वेगवेगळे तपकिरी रंगही दिसतात. ही अखंड पाने या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली असतात. स्वस्त, यंत्रावर केलेल्या सिगारीत त्यांच्या जागी बहुधा चुरा असतो. पोटातल्या या पाल्याभोवती एक बांधणीचे पान आणि त्यावर एक देखणे, पातळ, शिरा काढलेले पान, अशी तिची रचना असते. झाडाच्या शेंड्याकडची पाने ऊन खाऊन जाड आणि उग्र होतात व सावकाश जळतात, म्हणून कारागीर ती मधोमध ठेवतो. मधली पाने सुगंधाची, तर बुडाकडची पाने निखारा धरून ठेवणारी असतात. वरचे पान वजनाने अगदी थोडे असते, पण ओठाला आणि जिभेला तेच पहिल्यांदा भेटते आणि चवीत त्याचा वाटा वजनाच्या मानाने फार मोठा असतो.

बंद टोकावर पानाचीच एक छोटी टोपी चिकटवलेली असते. तिथे जेमतेम २ मिलिमीटर कापावे; गोलाई जिथे संपून सरळ भाग सुरू होतो, त्याच्या खाली पाते गेले तर वरचे पान उलगडत जाते आणि मग काहीच हाती राहत नाही. कापल्यावर न पेटवता एकदा ओढून पाहावे. या कोरड्या ओढीत पुष्कळदा धुरापेक्षा अधिक कळते : सुक्या गवताचा वास, किंचित गोडी, कधी बेदाण्याच्या पेटीचे झाकण उघडल्यावर येतो तसा आंबूस-गोड दरवळ. ओढ गच्च लागली तर बोटांनी हलके दाबून कुठे गाठ आहे ते पाहावे. पेटवताना ज्योत पानाला लावू नये. टोक ज्योतीच्या वर थोडे अंतर ठेवून फिरवत राहावे आणि कड सगळीकडून सारखी काळवंडल्यावर पहिला झुरका घ्यावा. लाकडी काडी किंवा गॅसचा लायटर चालतो. पेट्रोलच्या लायटरचा वास मात्र पानात शिरतो आणि जात नाही.

धूर छातीत घ्यायचा नसतो. तो दोन-तीन क्षण तोंडात फिरवून सोडावा, आणि सवय झाल्यावर सोडतानाच त्यातला अगदी थोडा नाकावाटे जाऊ द्यावा. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू यांच्या पलीकडे फारसे कळत नाही. बाकी ज्याला आपण चव म्हणतो ते बहुतांश नाकाचे काम आहे. सर्दीत आमटी बेचव लागते ती याच कारणाने. पत्रकातली मिरी आपल्याला सापडली नाही, ती पुष्कळ अंशी याच वाटेवर राहिली असावी, कारण तो चुरचुरीतपणा नाकाच्या आतच जाणवतो.

आता कोको आणि कातडे यांविषयी. तेथे आपले काहीही चुकलेले नाही. ते शब्द ज्यांनी लिहिले, त्यांच्या लहानपणीच्या स्वयंपाकघरातून आणि तबेल्यातून ते आले आहेत. सांगलीच्या माणसाने आपल्या जिभेवर कोको का शोधावा? माझेही आरंभी असेच झाले होते. दुसऱ्यांची यादी समोर ठेवून मी एकेक चव तपासत असे आणि प्रत्येक वेळी नापास होत असे. एका थंडीत निकाराग्वातील एस्तेलीकडच्या पानांची एक गडद सिगार ओढताना मध्यावर अचानक गुऱ्हाळ आठवले. कढईच्या कडेला लागून किंचित करपलेल्या काकवीचा जो वास असतो, गोड पण शेवटाला कडवट, तो हुबेहूब होता. पत्रकात त्या जागी ‘गडद चॉकलेट’ लिहिलेले होते. त्या संध्याकाळपासून मी यादी वाचणे सोडले. भाजलेले फुटाणे, पहिल्या पावसानंतरची काळी माती, जुन्या वाड्यातली सागवानी कपाटे, कोरडे तिखट कुटताना उठणारा खाट, धने, जायफळ, सुक्या खोबऱ्याची वाटी : आपल्या नाकाकडे केवढा साठा आहे. वही घ्यावी, सिगारीचे तीन भाग मानावे आणि प्रत्येक भागात जे पहिल्यांदा आठवेल ते, कितीही विचित्र वाटले तरी, लिहावे. पहिला तिसरा हिस्सा बहुधा सौम्य असतो, मधला भरदार, आणि शेवटच्या हिश्श्यात उष्णता, ओल व डांबर तोंडाच्या बाजूला साचत गेल्याने चव उग्र होते. ती नकोशी झाली की तिथेच थांबावे. बोटे भाजेपर्यंत ओढण्यात काही काटकसर नाही. सिगार चिरडून विझवू नये, तशीच ठेवावी. ती आपोआप विझते आणि खोलीत कुबट वास कमी राहतो.

प्रश्न : निपाणीची तंबाखू एवढी नावाजलेली असताना आपल्या भागात अशी सिगार का होत नाही? चिरूट आणि सिगार एकच का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : वाण, माती आणि हवा यांचा फरक तर आहेच, पण मोठा फरक पान तोडल्यानंतरच्या वागणुकीचा आहे. विडीची तंबाखू शेतातच उन्हात वाळवतात आणि तिचा चुरा करतात. पान अखंड राहण्याची तिथे गरजच नसते, कारण बाहेरचे पान तेंदूचे असते. सिगारीची पाने मात्र उंच कोठारात सावलीत टांगून कित्येक आठवडे सावकाश वाळवतात. मग ती ओलसर करून त्यांच्या थप्प्या रचतात. थप्पी आतून आपोआप तापते, अमोनिया बाहेर पडतो, उग्रपणा उतरतो. ती फार तापू नये म्हणून मोडून आतली पाने बाहेर आणि बाहेरची आत करीत पुन्हा रचतात. त्यानंतर ती वर्षानुवर्षे ठेवून देतात. आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे : मुरणे. लोणचे मुरते, मुरांबा मुरतो, तसे हे पान मुरते, आणि न मुरलेल्या पानाची सिगार कितीही महाग असली तरी जिभेला चावते. क्यूबाच्या पिनार देल रिओ प्रांतातील वुएल्टा आबाहोची कीर्ती मातीची आहे तितकीच या धीराचीही आहे. वरच्या पानासाठी तर कित्येक ठिकाणी शेतावर कापडाचा मांडव घालतात, म्हणजे पान पातळ आणि नितळ राहते.

‘चिरूट’ हा शब्द तमिळ ‘सुरुट्टु’वरून, म्हणजे ‘गुंडाळलेले’ या अर्थाच्या शब्दावरून आला. त्याची दोन्ही टोके सहसा उघडी असतात, टोपी नसते. तिरुचिरापल्ली आणि दिंडिगुल यांचे चिरूट एके काळी विलायतेपर्यंत जात. आणि तंबाखू या भागाला नवी नाही. १७व्या शतकाच्या आरंभी असदबेगाने अकबराच्या दरबारात ती नेली, ती विजापुराहून.

एक गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. हवानाच्या कारखान्यांत १८६५ पासून, कारागीर सिगारी वळत असताना, उंच आसनावर बसून एक जण त्यांना मोठ्याने वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या वाचून दाखवत असे, आणि त्याचा पगार प्रारंभी कारागीरच आपल्या मजुरीतून देत. चातुर्मासात पोथी लावण्याची रीत असलेल्या आपल्या लोकांना यातले मर्म लगेच कळेल. सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायकांची बोटेही तितकीच तयार असतात. त्यांना मात्र आपण कधी कारागीर म्हटले नाही.

प्रश्न : यजमान म्हणतात की सिगारीचा धूर छातीत घेत नाहीत, म्हणून अपाय नाही. हे खरे का?
— एक वाचक भगिनी, कराड

उत्तर : नाही. सिगारीचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे त्यातील निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात उतरते. छातीत घेण्याची गरज पडत नाही. तोंड, घसा, स्वरयंत्र आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका सिगारीने वाढतो आणि एका मोठ्या सिगारीत सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. जो ओढत नाही त्याने या सदरामुळे सुरुवात करावी असे मी कधीही म्हणणार नाही. जो ओढतो त्याने ती क्वचित आणि घराबाहेर अंगणात, मुले व गरोदर स्त्रिया जवळ नसताना ओढावी. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान आणि १८ वर्षांखालील मुलांना विक्री, दोन्हींना २००३ च्या कायद्याने बंदी आहे. आपण यजमानांना हे उत्तर वाचून दाखवावे ही विनंती.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्या सिगारींवर पांढरी भुकटी आली आणि दोन सिगारींना टाचणीएवढी भोके पडली. भुकटी म्हणजे पान उत्तम मुरल्याची खूण असे एका मित्राने सांगितले.
— एक वाचक, वाई

उत्तर : मित्राचे हे म्हणणे फार प्रचलित आहे, पण माझा त्यावर विश्वास नाही, अशी भुकटी बहुतेक वेळा बुरशीच असते. ती केवळ वरच्या पानावर किंचित असेल तर पुसून सिगार वेगळी ठेवता येते. पेटवायच्या टोकाच्या घड्यांत शिरली असेल किंवा हिरवट, केसाळ दिसत असेल तर टाकून द्यावी.

भोकांचे कारण मात्र सांगलीच्या हळदीच्या पेठेत कोणालाही विचारावे. हळकुंडे पोखरणारा जो बारीक तपकिरी भुंगेरा आहे, तोच हा. त्याची अंडी पानातच असतात आणि उष्णता वाढली की उबतात. भोके पडलेल्या दोन सिगारी आजच बाहेर काढाव्यात. बाकीच्या हवाबंद पिशवीत घालून ३-४ दिवस फ्रीजरमध्ये, मग एक दिवस खाली फ्रीजमध्ये आणि त्यानंतर पिशवी न उघडता खोलीत ठेवाव्यात; एकदम उबेत आणल्या तर वरचे पान तडकते. फ्रीज ही कायमची जागा नव्हे, तिथे सिगार सुकते आणि भाजीचा वास घेते.

सिगारीला ६५ ते ७० टक्के आर्द्रता आणि २० अंशांच्या आसपास तापमान मानवते. आपल्याकडे एप्रिलची दुपार तिला पापडासारखी वाळवते आणि जुलै तिला भिजवतो, म्हणून उघडी ठेवणे दोन्ही ऋतूंत वाईट. परंपरेने पेटी ज्या लाकडाची करतात त्याच्या इंग्रजी नावात देवदार आहे, पण ते महोगनीच्या आणि आपल्या कडुनिंबाच्या कुळातले झाड आहे. ती पेटी महाग पडते. रबरी कड असलेला स्वच्छ, वासरहित डबा आणि ६५ टक्क्यांची आर्द्रता राखणारी पुडी एवढ्यावर माझे काम गेली कित्येक वर्षे चालले आहे. डबा माजघरासारख्या, घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवावा, पण कपड्यांच्या कपाटात नको. मी एकदा ठेवला होता. डांबरगोळ्यांचा वास डब्याच्या फटीतून शिरला आणि सहा चांगल्या सिगारी त्याच वासाच्या झाल्या.

डब्यातला आर्द्रतामापक खरा आहे की नाही हेही तपासावे. बाटलीच्या झाकणात साधे मीठ घेऊन त्यात थेंब-थेंब पाणी घालावे, मीठ विरघळू न देता ओल्या वाळूसारखे करावे, आणि ते झाकण व मापक एका घट्ट पिशवीत २४ तास ठेवावे. आकडा ७५ आला पाहिजे. तो ७१ आला तर मापक ४ ने कमी दाखवतो असे समजून डब्यावर पट्टी चिकटवून तेवढे लिहून ठेवावे.